माणूस गेला, दावा चालूच आहे: पुढे काय होतं?

तेरावं उरकलं की घरात कागद बाहेर निघतात. सातबारा, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, बँकेच्या ठेवी, विम्याची पॉलिसी, लॉकरची किल्ली. कोर्टात चालू असलेली केस मात्र या यादीत सहसा नसते. ‘ती दादांची केस होती, ते गेले, विषय संपला’ असं म्हणून फाइल माळ्यावर जाते. तिकडे कोर्टात पुढची तारीख पडलेली असते, समोरचा वकील हजर असतो आणि एक मुदत कुणालाही न विचारता चालू झालेली असते.

कायद्याच्या हिशेबात चालू दावा हीसुद्धा इस्टेटच. मयतानं कुणाकडून पैसे मागितले असतील तर ते येणं, जमिनीवर हक्क सांगितला असेल तर तो हक्क, त्याच्यावर कुणी दावा लावला असेल तर ते देणं, हे सगळं घर-सोन्यासारखंच वारसांकडे येतं. काही दावे मात्र माणसाबरोबर संपतात. त्यामुळे आपल्या हातातला दावा टिकणारा की संपणारा, हे आधी बघायचं. बाकीची धावपळ त्यानंतर.

कोणता दावा उरतो, कोणता संपतो

भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ च्या कलम ३०६ मध्ये याचा नियम आहे. मयतानं लावलेले दावे आणि मयतावर लावलेले दावे, दोन्ही त्याच्या मागे टिकतात. अपवाद मोजके आहेत: बदनामी, हल्ला, मृत्यूला कारण न ठरलेली शारीरिक इजा, आणि जिथे मागितलेली गोष्ट माणूस गेल्यावर मिळून काही उपयोगच नाही असे दावे. घटस्फोटाचा दावा हे शेवटच्या प्रकाराचं उदाहरण कायद्यानंच दिलेलं आहे. कलमाचे शब्द मृत्युपत्राची अंमलबजावणी करणाऱ्यांना उद्देशून असले, तरी कोर्टांनी हेच तत्त्व साध्या वारसांनाही लावलं आहे.

म्हणजे जमिनीचा कब्जा, वाटप, बांधाचा आणि वहिवाटीच्या रस्त्याचा वाद, हातउसने दिलेले पैसे, थकलेलं भाडं, ठेकेदाराचं अडकलेलं बिल, भूसंपादनाचा वाढीव मोबदला, बिल्डरविरुद्धची ग्राहक तक्रार, हे सगळं टिकतं. तालुका कोर्टात जे दिवाणी दावे चालतात त्यातले बहुतेक याच जातीचे.

करारांबाबत भारतीय करार कायद्याच्या कलम ३७ मधली दोन उदाहरणं अजूनही सगळ्यात सोपी वाटतात. एकानं ठरावीक दिवशी माल पोचवायचा करार केला आणि त्याआधीच तो गेला, तर वारसांनी माल द्यायचा आणि पैसे घ्यायचे. एकानं चित्र काढून द्यायचं कबूल केलं आणि तो गेला, तर करार तिथेच संपला; त्याच्या मुलाला ब्रश हातात धरायला कोणी लावू शकत नाही. आपल्याकडे याचा रोजचा अवतार म्हणजे साठेखत. जमीन विकायचं साठेखत झालं, इसार घेतला आणि खरेदीखतापूर्वी मालक वारला, तर ‘सही वडिलांची होती, आमची नाही’ हे उत्तर चालत नाही. घेणाऱ्यानं करारपूर्तीचा दावा लावला असेल तर तो वारसांविरुद्ध पुढे चालतो.

बदनामीचा दावा थोडा मजेशीर वळण घेतो. सर्वोच्च न्यायालयानं १९८० च्या दशकात केरळमधल्या एका प्रकरणात हे नीट मांडलं. फिर्यादीचा निकाल लागण्याआधी वादी गेला, तर दावा संपला, कारण अब्रू ज्याची त्याची. त्याचा दावा फेटाळला गेला आणि त्याच्या अपिलात तो वारला, तरीही संपला. पण त्याला नुकसानभरपाईचा हुकूमनामा (निकालावरून निघणारी कोर्टाची डिक्री) मिळाला आणि समोरच्यानं केलेल्या अपिलात तो वारला, तर हुकूमनाम्याची रक्कम आता त्याच्या इस्टेटीचा भाग झालेली असते. ती राखायला वारस उभे राहू शकतात. हुकूमनामा होईपर्यंत गोष्ट अंगाची, झाल्यावर मालमत्तेची.

मोटार अपघातात जखमी झालेल्या माणसानं न्यायाधिकरणात दावा लावला आणि काही वर्षांनी तो हृदयविकारानं गेला, असं पुष्कळदा होतं. पूर्वी विमा कंपनी म्हणायची, मृत्यू अपघातानं झालेला नाही, इजेचा दावा त्याच्याबरोबर गेला. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की उपचाराचा खर्च, बुडालेलं उत्पन्न असं जे इस्टेटीचं नुकसान झालं, ते वारस मागू शकतात. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनं कलम १६६ ला पाचवं उपकलम जोडलं गेलं आणि ते १ एप्रिल २०२२ पासून लागू आहे: मृत्यूचा अपघाताशी संबंध असो वा नसो, भरपाई मागायचा हक्क वारसांकडे जातो. विमा कंपनीच्या माणसानं फोनवर ‘आता क्लेम बंद’ असं सांगितलं, तर या उपकलमाचा आकडा त्याला ऐकवायला हरकत नाही.

आणि घटस्फोट? दावा चालू असताना नवरा किंवा बायको गेली तर दावा संपतो, जोडीदार विधवा किंवा विधुर म्हणून वारस होतो. पण एकतर्फी घटस्फोट आधीच झाला असेल आणि नंतर नवरा वारला, तर बायको तो हुकूमनामा रद्द करून मागू शकते. त्यावर तिचा वारसाहक्क, कुटुंब निवृत्तिवेतन, सगळंच अवलंबून असतं.

घरमालकानं ‘मला राहायला जागा हवी’ म्हणून भाडेकरूविरुद्ध लावलेला दावाही त्याच्या मृत्यूनं आपोआप पडत नाही. गरज कुटुंबाची असेल तर मुलंबाळं तो पुढे चालवतात. उलट बाजूला, महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ प्रमाणे राहत्या जागेत भाडेकरूबरोबर राहणारा घरातला माणूस त्याच्यामागे भाडेकरू होतो. त्यामुळे हा सामना पुढच्या पिढीतही तसाच चालू राहतो, हे गिरगाव-दादरच्या चाळींत राहणाऱ्यांना वेगळं सांगायला नको.

नव्वद दिवस

आता त्या मुदतीकडे येऊ.

दिवाणी प्रक्रिया संहितेचा बाविसावा आदेश मुख्यतः याच विषयावर आहे. वादी वारला तर त्याच्या वारसांनी, आणि प्रतिवादी वारला तर वादीनं, मयताचे वारस दाव्यात दाखल करून घ्यायचे असतात. वकिलांच्या बोलीत याला ‘वारस लावणे’ किंवा ‘वारस रेकॉर्डवर आणणे’ म्हणतात. मुदत कायद्याच्या अनुच्छेद १२० प्रमाणे त्यासाठी मृत्यूच्या तारखेपासून ९० दिवस मिळतात. मृत्यू कळल्यापासून नव्हे, मृत्यूपासून.

९० दिवसांत अर्ज आला नाही तर त्या मयतापुरता दावा ‘अबेट’ होतो, म्हणजे गळून पडतो. त्यासाठी कोर्टानं वेगळा हुकूम काढावा लागत नाही, न्यायाधीशांच्या लक्षात यावं लागत नाही. नव्वदावा दिवस उलटला की झालं. आणि त्याच कारणावरून नवा दावाही लावता येत नाही.

सुदैवानं दार तिथेच बंद होत नाही. अबेट झालेला दावा परत उभा करायचा अर्ज पुढच्या ६० दिवसांत करता येतो, अनुच्छेद १२१ खाली. त्यात पुरेसं कारण द्यावं लागतं. समजा, मृत्यू १ जानेवारीला झाला. साधा वारस अर्ज १ एप्रिलपर्यंत. त्यानंतर ३१ मेपर्यंत दावा परत उभा करण्याचा अर्ज आणि त्यासोबत वारस लावायचा अर्ज. ३१ मे उलटला की तिसरी विनंतीही जोडावी लागते, झालेला विलंब माफ करावा म्हणून, मुदत कायद्याच्या कलम ५ खाली. (मेमध्ये दिवाणी कोर्टांना उन्हाळी सुट्टी असते. मुदत सुट्टीत संपली तर कोर्ट उघडेल त्या दिवशी अर्ज देता येतो, पण यावर भिस्त ठेवून बसू नये.)

विलंबमाफीत कोर्टं बऱ्यापैकी उदार असतात. २००८ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं आहे की अपील वर्षानुवर्षं पडून असताना समोरचा पक्षकार जिवंत आहे का, हे सारखं तपासत बसावं अशी अपेक्षा अपील करणाऱ्याकडून नाही. समोरच्याच्या मृत्यूची खबर नव्हती, हे कारण संहितेतही मान्य आहे. मात्र वादीच वारला असेल आणि सगळा कारभार त्याच घरात चालत असेल, तर ‘आम्हाला केस चालू आहे हे माहीतच नव्हतं’ हे सांगायला पुरावा लागतो. तीन वर्षांनी, समोरच्यानं जमीन विकायला काढल्यावर, जाग आलेले वारस कोर्टाला फारसे पटत नाहीत.

मृत्यू कळवायची जबाबदारी वकिलावरही आहे. बाविसाव्या आदेशाच्या नियम १० अ प्रमाणे आपला पक्षकार वारल्याचं कळताच वकिलानं ते कोर्टाला सांगायचं. व्यवहारात एक पुरशिस (कोर्टाला दिलेलं छोटं लेखी निवेदन) आणि सोबत मृत्यूचा दाखला दिला जातो. पण वकिलाला कळवणार कोण? घरातलंच कोणीतरी. शिवाय मयतानं दिलेलं वकीलपत्र त्याच्या मृत्यूबरोबर संपतं, मुखत्यारपत्रही संपतं. पुण्यातल्या भाच्याच्या नावे मुखत्यारपत्र करून तोच बारा वर्षं तारखांना जात असला, तरी मामा गेल्यानंतर त्या कागदावर त्याला काही करता येत नाही. वारसांनी नवं वकीलपत्र द्यायचं.

एका मृत्यूनं अख्खं प्रकरण कसं कोसळतं, याचं वकिलांमध्ये घोकलं जाणारं उदाहरण पंजाब राज्य विरुद्ध नाथूराम हे आहे. दोन भावांची सामायिक जमीन लष्कराच्या कामासाठी घेतली गेली, वाढीव मोबदला दोघांच्या नावे एकत्र ठरला. सरकारनं उच्च न्यायालयात अपील केलं. ते चालू असताना एक भाऊ वारला आणि सरकारनं त्याचे वारस वेळेत लावले नाहीत. त्याच्यापुरतं अपील गळालं, हे तर उघडच. पण जिवंत भावाविरुद्ध तरी ते चालावं ना? नाही. निवाडा दोघांचा एकत्र, हिस्से वेगळे काढलेले नाहीत. अपील चाललं आणि सरकार जिंकलं, तर एकाच जमिनीच्या एकाच मोबदल्याबद्दल दोन परस्परविरोधी निकाल उभे राहतील. म्हणून संपूर्ण अपील गेलं आणि साठीच्या दशकाच्या सुरुवातीला सर्वोच्च न्यायालयानं त्यावर शिक्कामोर्तब केलं. वीस-पंचवीस नावांच्या वाटपाच्या दाव्यात एखादी म्हातारी चुलती गेली आणि कोणी लक्ष दिलं नाही, तर हाच धोका असतो. हवं तर सगळ्या जिवंत नावांची दर वर्षी एकदा खात्री करून घ्यावी.

काही ठिकाणी मुदतीचा हा जाच नाही. युक्तिवाद पूर्ण होऊन प्रकरण निकालासाठी बंद झालं आणि मग पक्षकार वारला, तर दावा अबेट होत नाही. निकाल तो जिवंत असल्यासारखा लागतो. प्रतिवादीनं कधी कैफियतच, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर, दिली नसेल किंवा तो सुनावणीला फिरकलाच नसेल, तर कोर्ट त्याचे वारस लावण्यापासून सूट देऊ शकतं. आणि हुकूमनामा झाल्यावर त्याच्या अंमलबजावणीची दरखास्त चालू असेल, तर तिला ९० दिवसांचा नियम लागत नाही. वारस केव्हाही पुढे येऊन ती चालवू शकतात, फक्त हुकूमनाम्याची १२ वर्षांची मुदत डोक्यात ठेवायची.

वारस कोण, हे कसं ठरतं

अर्जात मयताच्या नावापुढे ‘मयत तर्फे वारस’ असं लिहून खाली १अ, १ब, १क अशी नावं येतात: विधवा, मुलगे, मुली, आई. अज्ञान मुलं असतील तर ‘अ.पा.क. आई’, म्हणजे अज्ञान पालनकर्ती. सोबत मृत्यूचा दाखला आणि प्रतिज्ञापत्र. कोर्ट फी पुन्हा भरावी लागत नाही.

इथे सगळ्यात जास्त घोळ होतो तो बहिणींच्या नावांचा. ‘तिचं लग्न झालंय, ती कशाला कोर्टात’ म्हणून नाव गाळलं जातं. हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनं मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला आणि ११ ऑगस्ट २०२० च्या विनीता शर्मा निकालानं वडील २००५ मध्ये हयात होते की नव्हते हा वादही मिटवला. प्रामाणिकपणे चौकशी करूनही एखादा वारस राहून गेला, तर बाकीचे वारस इस्टेटीचं प्रतिनिधित्व करतात आणि दावा टिकतो. मुद्दाम गाळलेल्या नावाला हे संरक्षण नाही. तिला भाग सोडायचा असेल तर तिनं नोंदणीकृत हक्कसोडपत्र करावं. आपण तिच्या वतीनं गप्प बसून तो सुटत नाही.

मृत्युपत्रावरून भांडण असेल, म्हणजे एक मुलगा म्हणतो सगळं मला दिलं आणि बाकीचे म्हणतात मृत्युपत्र खोटं, तर दावा पुढे कोण चालवणार हे कोर्ट थोडक्यात चौकशी करून ठरवतं. पण तो निर्णय त्या दाव्यापुरताच. त्यावरून मालकी ठरली असं समजून कोणी पेढे वाटू नयेत.

तलाठ्याकडची वारस नोंद ही वेगळी गोष्ट. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेप्रमाणे वारसांनी तीन महिन्यांत खबर द्यायची, मग गाव नमुना ६-क मध्ये नोंद होऊन फेरफार होतो. तिचा कोर्टातल्या दाव्याशी संबंध नाही. सातबाऱ्यावर पाचही भावंडांची नावं लागलेली आहेत आणि कोर्टात मात्र वडील कागदोपत्री अजून वादी आहेत, अशी प्रकरणं थोडी नाहीत. उलट, कोर्टात वारस लागले म्हणून सातबारा आपोआप बदलत नाही.

दाखल्यांचा गोंधळही इथेच आवरून घेऊ. येणी आणि शेअर, रोखे यांसाठी उत्तराधिकार कायद्याखालचं सक्सेशन सर्टिफिकेट. महाराष्ट्रात याखेरीज मुंबई इलाख्याच्या १८२७ च्या आठव्या रेग्युलेशनखाली दिवाणी कोर्टाकडून वारस दाखला मिळतो. जवळपास दोनशे वर्षं जुना हा नियम आजही वापरात आहे. दावा पुढे चालवायला यांपैकी काहीच आधी हातात असायची गरज नसते. पण मयताचं येणं असेल, तर उत्तराधिकार कायद्याच्या कलम २१४ प्रमाणे सक्सेशन सर्टिफिकेट किंवा तसाच अधिकारपत्राचा कागद दाखवल्याशिवाय कोर्ट कर्जदाराविरुद्ध हुकूमनामा करत नाही. म्हणून वारस लावले की सर्टिफिकेटचा अर्ज लगेच टाकावा. तो मंजूर होईपर्यंत मूळ दावा पिकतो. बँकेत नॉमिनी म्हणून नाव असलं तरी ते इथे पुरत नाही. नॉमिनी पैसे स्वीकारतो, त्यानं मालक ठरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं विम्याबद्दल (तेव्हाच्या कायद्याखाली) १९८३ मध्ये आणि शेअरबद्दल २०२३ मध्ये सांगून टाकलं आहे.

मयतावरच दावा असेल तर

वडिलांवर बारा लाखांच्या वसुलीचा दावा आहे आणि समन्स मुलाच्या नावानं आलं, तर घरात पहिला प्रश्न एकच असतो: आता हे आपण भरायचे का?

बापाचं कर्ज फेडणं हे मुलाचं पवित्र कर्तव्य, ही धर्मशास्त्रातली कल्पना कायद्यातही दीर्घकाळ होती. मुंबई इलाख्यानं ती आधीच लगाम लावून ठेवली होती. १८६६ च्या एका कायद्यानं सांगितलं की मुलगा, नातू किंवा वारस यांनी मिळालेल्या इस्टेटीपुरतंच देणं लागायचं. पुनर्विवाह केलेल्या विधवेच्या दुसऱ्या नवऱ्यावरही पहिल्या नवऱ्याच्या कर्जाचा बोजा पडायचा, त्यालाही त्याच कायद्यानं आळा घातला. सावकारी कुठवर पोचली होती याची कल्पना यावी. ९ सप्टेंबर २००५ पासून तर, त्या तारखेनंतरच्या कर्जासाठी केवळ ‘पवित्र कर्तव्य’ म्हणून मुला-नातवावर दावा चालत नाही.

आज नियम दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५० आणि ५२ मध्ये आहे. वारसाच्या हातात मयताची जी मिळकत आली, तेवढ्यापुरतीच त्याची जबाबदारी. बारा लाखांचा दावा, मागे पाच लाखांचा प्लॉट, तर वसुली प्लॉटमधून. मुलाचा पगार, त्यानं स्वतः घेतलेला फ्लॅट, सुनेचे दागिने, यांना हात लागत नाही.

यात एक मेख आहे. वडिलांचा ट्रॅक्टर मुलानं चार लाखांना विकला आणि पैसे गाडी घ्यायला वापरले, तर त्या चार लाखांचा हिशेब त्याला द्यावा लागतो. हिशेब देता आला नाही तर तेवढ्या रकमेपुरता हुकूमनामा त्याच्या स्वतःच्या मिळकतीवर बजावला जातो. त्याच पैशांतून वडिलांच्या दवाखान्याचं बिल किंवा दुसरं खरं कर्ज फेडलं असेल तर प्रश्न नाही, पावत्या मात्र हव्यात. मयताच्या मिळकतीत हात घालणारा कोणीही, तो वारस असो वा नसो, कायद्याच्या व्याख्येत ‘कायदेशीर प्रतिनिधी’ ठरतो. तेव्हा दावा चालू असताना चुलतभावानं सहज म्हणून शेतातला ऊस तोडून नेला, तर त्यानं स्वतःला दाव्यात ओढून घेतलं म्हणायचं.

देणी फेडायलाही क्रम आहे. अंत्यविधीचा खर्च आणि शेवटच्या आजारपणातला महिनाभराचा दवाखाना आधी, मग प्रोबेट (मृत्युपत्र कोर्टाकडून प्रमाणित करून घेणं) यासारख्या कोर्टकामाचा खर्च, मग मजूर, कारागीर किंवा घरकामाच्या माणसाची शेवटच्या तीन महिन्यांची मजुरी, आणि त्यानंतर बाकीची कर्जं समान प्रमाणात. मृत्युपत्रातल्या देणग्या सगळ्यात शेवटी. गहाण टाकलेल्या मिळकतीवर गहाणदाराचा हक्क अर्थात वेगळा. भविष्य निर्वाह निधीच्या रकमेला सावकार हात लावू शकत नाही. १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्ता कायद्याखाली बायको-मुलांच्या नावे घेतलेला विमाही इस्टेटीबाहेर राहतो.

वसुलीवाले फोनवर ‘वडिलांचं क्रेडिट कार्ड आहे, तुम्हीच भरायचं’ असं ठणकावतात. तुम्ही सहकर्जदार किंवा जामीनदार असाल तर ते खरं आहे, कारण ते कर्ज तुमचंही आहे. नसाल तर त्यांना इस्टेटीपलीकडे जाता येत नाही. भीतीपोटी किंवा इज्जतीपोटी पहिला हप्ता भरण्याआधी एवढं तपासा.

समन्स आलं की हजर मात्र राहायचं. वारस म्हणून आलेला प्रतिवादी मयताला जे म्हणता आलं असतं तेच म्हणू शकतो, शिवाय ‘माझ्याकडे काही मिळकत आलीच नाही’ हेही. पण वडिलांनी कैफियतीत भाडेकरू असल्याचं कबूल केलं असेल, तर मुलाला वारस म्हणून ‘आम्ही मालक’ असं पलटता येत नाही.

वादातली मिळकत भावाभावांनी परस्पर वाटून किंवा विकून टाकली तर दावा त्यानं संपत नाही. महाराष्ट्रात मात्र एक खास नियम आहे: चालू दाव्याचं बंधन त्रयस्थ खरेदीदारावर यावं यासाठी दाव्याची नोटीस, म्हणजे लिस पेंडन्स, दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेली असावी लागते. वादीच्या वारसांनी फाइल हातात घेतल्यावर ही नोटीस नोंदवली आहे का, हे पहिल्या आठवड्यातच बघावं.

फौजदारी, आयकर, गोवा

फौजदारी खटल्यात आरोपी वारला की खटला संपला. जयललिता ५ डिसेंबर २०१६ ला वारल्या आणि १४ फेब्रुवारी २०१७ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं त्यांच्यापुरती अपिलं संपल्याचं सांगितलं. सहआरोपींची शिक्षा मात्र कायम झाली. शिक्षा झालेला माणूस अपील चालू असताना गेला आणि घरच्यांना त्याच्या नावावरचा डाग पुसायचा असेल, तर जवळच्या नातेवाइकानं ३० दिवसांत परवानगी मागून अपील पुढे चालवता येतं. चेक बाउन्सच्या केसमध्ये आरोपी गेला तर त्याच्या मुलांवर खटला चालत नाही. पैसे मात्र बुडत नाहीत, त्यासाठी मुदतीत दिवाणी दावा लावायचा. फिर्यादी गेला असेल तर त्याचे वारस कोर्टाच्या परवानगीनं केस चालवतात.

आयकराची चौकशी किंवा अपील कायदेशीर वारसावर चालू राहतं, तेही इस्टेटीपुरतंच. आयकर पोर्टलवर वारस म्हणून नोंदणी करून घ्यावी, नाहीतर नोटिसा मयताच्या बंद पडलेल्या ईमेलवर जात राहतात.

गोव्यातल्या वाचकांसाठी चित्र थोडं वेगळं आहे. तिथे पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या पद्धतीत पती-पत्नीची मिळकत सहसा सामायिक असते, म्हणून मयताची म्हणून जी इस्टेट धरायची ती मुळात निम्मीच. २०१२ च्या वारसा कायद्याखाली (तो २०१६ च्या डिसेंबरात लागू झाला) इन्व्हेंटरी प्रोसिडिंग चालतं, ज्यात कुटुंबप्रमुख येणी-देणी आणि मिळकती सगळ्यांसमोर मांडतो. चालू दावे तिथल्या यादीत लिहावेच लागतात, त्यामुळे माळ्यावर फाइल विसरण्याचा प्रकार तुलनेनं अवघड.

केस आहे की नाही हेच माहीत नसेल तर

ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर आणि ॲपवर जिल्हा निवडून पक्षकाराच्या नावानं शोधता येतं. नाव मराठीत वेगवेगळ्या पद्धतीनं टाइप झालेलं असतं, म्हणून आडनाव, मग वडिलांचं नाव, असे दोन-तीन प्रकारे शोधा. सापडलं की सोळा अक्षरी सीएनआर क्रमांक लिहून ठेवा. पुढे तेवढ्यावर तारीख, टप्पा, वकिलांचं नाव सगळं दिसतं. मयताच्या पाकिटात, डायरीत, मोबाईलच्या मेसेजमध्ये तारखांच्या नोंदी असतात त्याही बघा. महसुली अपिलं, सहकार न्यायालय आणि ग्राहक आयोग यांचे शोध वेगळे करावे लागतात.

न लावलेले दावेही तपासायचे असतात. दावा लावायचं कारण मयताच्या हयातीत घडलेलं असेल, तर त्याच्या मृत्यूनं मुदत थांबत नाही किंवा नव्यानं सुरू होत नाही. कपाटात हातउसने दिल्याची चिठ्ठी सापडली तर आधी तिच्यावरची तारीख वाचा: पैसे दिल्यापासून साधारण तीन वर्षं. त्या मुदतीच्या आत कर्जदारानं लेखी कबुली दिली असेल, अगदी ‘दिवाळीनंतर देतो’ असा सहीचा कागद असला तरी, तिथून पुन्हा तीन वर्षं मोजायची. चिठ्ठी, कागद आणि मृत्यूचा दाखला एका पाकिटात घालून वकिलाकडे जा.